आधी आणि नंतर

लाँड्रीबाईला किळस नेमकी कशाची येते, हे तिच्या हाताखालच्या माणसांना कळायला बराच काळ जायचा. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात तिचं धुलाईघर होतं. वरच्या सहा मजल्यांवर माणसांच्या अंगातून जे काही बाहेर पडायचं, ते गाठोड्यांत बांधून ढकलगाड्यांवरून तिच्यापुढे येऊन पडायचं. नवीन लागलेली माणसं पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावूनच यायची. ती रुमाल काढायला लावायची.

"नाक झाकलंस तर डाग कशाचा ते कळणार कसं? रक्त असेल तर थंड पाणी, मलम असेल तर कढत. उलटं केलंस की डाग बसला कायमचा. आणि तोंड वाकडं करू नकोस. हे सगळं तुझ्याही पोटात आहे."

बाईचं तोंड वाकडं व्हायचं ते दुसऱ्याच गोष्टींनी. डाग तसाच ठेवून वरून इस्त्री फिरवलेली चादर हाती लागली की ती अख्खी थप्पी उचलून पुन्हा पाण्यात टाकायची आणि ते काम करणाऱ्याशी आठवडाभर बोलायची नाही. पाहणीच्या दिवशी दारात सुगंधी फवारे मारणारे अधिकारी, गोडगोड बोलून जास्तीचं काम गळ्यात मारणारी हेडनर्स, आजाऱ्याला बघायला येऊन स्वतःचीच दुखणी उगाळत बसणारे पाहुणे, या सगळ्यांची तिला किळस यायची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून पाठीमागे लोक तिला 'भिंग' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि फारसं वावगं वाटत नव्हतं.

तिचा नवरा पेंटर होता. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. तरुणपणी इस्पितळाच्या प्रत्येक मजल्यावरची नावं त्यानेच रंगवली होती. 'शस्त्रक्रिया विभाग', 'शांतता राखा', 'इथे थुंकू नये'. त्या कामासाठी तो महिनाभर शिडी घेऊन फिरत होता, आणि हात पुसायला चिंधी मागायला रोज तळघरात उतरत होता. एका माणसाला रोज नवी चिंधी कशाला लागते, हे तिने चौथ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "चिंधी तर माझ्या खिशात पण आहे." त्यावर ती हसली, आणि पुढे लग्न झालं.

त्याचं अक्षर म्हणजे अक्षर होतं. खडूत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर टिचकी मारली की सरळ रेघ उमटायची, आणि त्या रेघेला तो अक्षरं अशी लटकवायचा की रस्त्याने जाणारा मान वळवून वाचायचाच. पुढे यंत्रावर छापलेले फलक आले आणि कामं कमी झाली. तरी जुनी गिऱ्हाइकं त्यालाच बोलवायची. घरी असला की इस्पितळातून बाद झालेल्या चादरींच्या तुकड्यांवर तो हात चालवत बसायचा. बाद चादरी तिच्या सहीने बाहेर जायच्या. त्यातल्या बऱ्यापैकी ती घरी आणायची.

पहिली खूण पटली ती चष्मेवाल्याच्या दुकानात. चष्मेवाला वीस वर्षांचा ओळखीचा. त्याने पाटी नव्याने रंगवायला दिली. दोन दिवसांनी तो स्वतः घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, जरा येऊन बघता का? मला त्यांना सांगवेना."

पाटीवर लिहिलं होतं, 'चष्म्याचे चष्म्याचे दुकान'. अक्षर देखणं होतं. रेघ सरळ होती. फक्त एक शब्द दोनदा आला होता, आणि तो रंगवताना, वाळवताना, शिडीवरून उतरून लांबून निरखताना पेंटरला ते दिसलं नव्हतं.

"माझ्याच दुकानाच्या पाटीला चष्मा लागला म्हणायचा," चष्मेवाला म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमलं नाही.

बाईने नवऱ्याला विचारलं तर तो उसळला. चष्मेवाल्यानेच तसं लिहून दिलं होतं, म्हणाला. कागद दाखवा म्हटल्यावर, कागद तूच खिशासकट धुतलास म्हणाला. त्यानंतर वर्षभरात अशा गोष्टी वाढतच गेल्या. तो एकच प्रश्न जेवताना तीनदा विचारायचा. टर्पेंटाइनच्या डब्याऐवजी चहाच्या कपात ब्रश बुडवायचा आणि ते लक्षात आलं की कप तिच्यापासून लपवायचा. पण ओळखी सगळ्या शाबूत, हिशेबी बोलणं शाबूत, चार माणसांत बसला तर कुणाला काडीचा संशय येणार नाही. म्हणून तिने कुणाला सांगितलं की लोक म्हणायचे, "अहो, वय झालं. आम्ही पण विसरतो." हे वाक्य तिने इतक्या तोंडून ऐकलं की पुढे पुढे समोरच्याचे ओठ 'अहो'साठी उघडले की ती उठून चालायला लागायची.

तिने सरळ आपल्याच इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावरची मेंदूची डॉक्टर गाठली. ही डॉक्टरीण बुटकी, तुटक बोलणारी, आणि तिच्या डगल्याच्या खिशाला कायम शाईचा डाग. बाईने तो डगला कितीतरी वेळा धुतला होता. डॉक्टरीण अशा माणसांचा अभ्यास करत होती. तिने पेंटरला शब्द आठवायला सांगितले, चौकोन काढायला लावले, रक्त तपासलं, आणि मग मोठ्या यंत्रात निजवून मेंदूची चित्रं काढली. यंत्रात त्याला काहीच करायचं नव्हतं. डोळे मिटून नुसतं पडून राहायचं.

"काही न करता काय दिसणार?" बाईने विचारलं.

"तेच तर बघायचं असतं. माणूस नुसता पडलेला असतो तेव्हा पण मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. कुठले भाग एका लयीत चालतात ते आम्ही बघतो. त्यावरून कोणाचा कोणाशी संबंध आहे ते कळतं." डॉक्टरिणीने पडद्यावर ठिपके आणि रेघा दाखवल्या. "आठवणी साठवायला जो भाग लागतो, त्याचं मागच्या या भागाशी येणंजाणं कमी झालंय. भाग दोन्ही जागेवर आहेत. येणंजाणं कमी झालंय."

"आणि इथे तर रेघा जाड दिसतात."

डॉक्टरिणीने तिच्याकडे जरा दचकून पाहिलं. "बरोबर बघितलंत. इथे संबंध वाढलाय."

"मग ते चांगलं ना?"

"सुरुवातीला असं होतं काही जणांत. एका भागाचं काम दुसरा ओढतो, असं आम्हाला वाटतं. म्हणून बाहेरून माणूस ठीकठाक दिसतो. पुढे तो भाग पण थकतो. पण एका माणसाचं चित्र बघून मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. हे अनेकांची चित्रं शेजारी ठेवून कळतं." ती खुर्चीवरून थोडी पुढे सरकली. "याला अजून स्मृतिभ्रंश म्हणायचं नाही. अलीकडची पायरी आहे. काही जण इथेच थांबतात. काही खाली उतरतात. थांबवायचं औषध यांच्यासाठी आज माझ्याकडे नाही. चालणं, झोप, रक्तदाब, माणसांत मिसळणं एवढं सांभाळा. दर वर्षी या."

धीर धरा म्हणाली नाही, हातावर हात ठेवला नाही. बाईला ते बरं वाटलं. पण त्यांचा मुलगा सोबत आला होता, त्याला मुळीच बरं वाटलं नाही.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि विमा कंपनीत कामाला होता. काही हाती लागत नसेल तर अस्वस्थ होणारा स्वभाव. जिना उतरतानाच तो म्हणाला, "ही बाई नुसती चित्रं काढते. उपाय काहीच नाही. आई, तू इथेच काम करतेस म्हणून तुला दुसरीकडे बघायचंच नाही."

पंधरा दिवसांत त्याने दुसरीकडे बघितलं. मुख्य रस्त्यावर, बँकेच्या शेजारी, काचेच्या दर्शनी भिंतीचं 'मेंदू जोडणी केंद्र' उघडलं होतं. तिथे डोक्यावर लुकलुकणाऱ्या दिव्यांचं टोप घालून पडद्यावरचे रंगीत चेंडू पकडायला लावत, आणि तुटलेले जोड पुन्हा जुळतात असं सांगत. बाई पहिल्या दिवशी सोबत गेली. आत शिरताच गुलाबाच्या अत्तराचा असा भपका आला की तिने मनात म्हटलं, इतकं झाकावं असं इथे आहे तरी काय. संचालक बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर सतत हसू, बोलताना थांबलं तरी ते हसू थांबत नव्हतं. त्याने पेंटरचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाबा, आता तुम्ही आमचे. काही काळजी करायची नाही. आजपासून आपण हा शब्द विसरायचा. कोणता शब्द?"

"कोणता?" पेंटरने खरोखर विचारलं.

"विसरणं." संचालक हसला आणि मुलगाही हसला. दर्शनी काचेमागच्या फळीवर मेंदूची दोन चित्रं लावली होती. एकात रेघा तुटक आणि करड्या, दुसऱ्यात जाड आणि लाल. तिला डॉक्टरिणीचं बोलणं आठवलं. जाड रेघ म्हणजे चांगलीच असं नाही. तिने ते संचालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "आई, तुम्ही फार विचार करता. तुमच्यासाठी पण एक कोर्स आहे."

ती पुन्हा आत गेली नाही. पण पेंटरला तिथे आवडायला लागलं. हे तिला सगळ्यात जड गेलं. टोप बसवणारी मुलगी त्याला 'उस्ताद' म्हणायची आणि त्याच्या पाट्यांच्या गोष्टी ऐकायची. दर वेळी त्याच गोष्टी, आणि ती दर वेळी नव्याने ऐकायची, कारण त्याच कामाचा तिला पगार होता. तो आठवड्यातून तीनदा दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघायचा. एकदा जाताना काखेत कापडाची गुंडाळी घेऊन गेला. तिने विचारलं तर म्हणाला, "त्यांना माझं काम बघायचंय." तिने जाऊ दिलं. कुणाला तरी बघायचं होतं, एवढ्यावर तिचं मन विरघळलं होतं.

दोन महिन्यांनी, कामावरून परत येताना, बस त्या केंद्रासमोर सिग्नलला थांबली. काचेच्या मागे आता मेंदूच्या चित्रांखाली दोन कापडं ताणून लावली होती. डावीकडच्या कापडावर वेडीवाकडी, उतरत गेलेली अक्षरं. उजवीकडच्यावर ऐटीत उभी राहिलेली, काळी कुळकुळीत, लाल छाया दिलेली अक्षरं. दोन्हीवर एकच ओळ. खाली ठसठशीत छापलेलं, 'उपचाराआधी' आणि 'उपचारानंतर'. मध्ये पेंटरचा टोप घातलेला, हसरा फोटो.

बसमधल्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय फरक पडलाय बघा माणसात."

ती बसमधून उतरली. काचेला नाक लावून उभी राहिली. उजवीकडच्या चादरीला निळी काठरेघ होती. इस्पितळाने निळ्या काठाच्या सगळ्या चादरी बाद करून सात वर्षं झाली होती. त्याच कापडाच्या कोपऱ्यात बोटभर रफू होतं, आणि ते तिच्या हातचं होतं. तिचा टाका ती हजारांत ओळखली असती. ते कापड चष्मेवाल्याच्या पाटीच्याही आधीचं होतं. डावीकडची चादर नवी, हिरव्या काठाची, गेल्याच हिवाळ्यात बाद झालेली.

आधीचं ते नंतर लावलं होतं, आणि नंतरचं आधी.

तिने आयुष्यभर लोकांच्या विष्ठेत हात घातले होते, पण त्या काचेपुढे उभं राहून तिला जे झालं, ते कधी झालं नव्हतं. ती गटाराच्या कडेला वाकली आणि दुपारचा डबा बाहेर आला. तोंड पुसून ती चालत घरी गेली. दोन मैल चालली, तरी केंद्राच्या दारातून आलेला तो गुलाबाचा वास नाकातून जाईना.

पेंटर खिडकीशी बसला होता.

"अहो, तुमची ती दोन कापडं तिथे काचेत लावलीयत. तुम्हाला माहीत आहे?"

"हो. बघितलीस? किती लोक थांबतात."

"त्यांनी उलटं लावलंय. चांगलं अक्षर जुनं आहे. तुम्ही ते सात वर्षांपूर्वी काढलंत."

त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "वाकडं कुणाचंय?"

"तुमचंच. आत्ताचं."

"माझं नाही ते," तो म्हणाला. "मी असं काढीन का?" आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "तसं असेल तर मग ते म्हणतात तेच बरं आहे ना. आधी वाकडं, मग सरळ. तेच राहू दे."

ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धुलाईघरातल्याच कपड्यांवर, रबरी बुटांसकट, केंद्रात गेली. बाहेरच्या खुर्च्यांवर सात-आठ माणसं बसली होती. संचालक हसत आला.

"आई, या. बाबा आज आले नाहीत?"

"ती दोन कापडं काढा."

"का बरं? त्यांनी स्वतः दिलीयत. आणि तुमच्या मुलाने सही केलीय."

मुलाने सही केल्याचं तिला तेव्हा कळलं. आवाज तिने चढवला नाही. "उजवीकडची चादर सात वर्षांपूर्वी बाद झाली. बाद केलेल्या चादरींच्या वहीत माझी सही आहे, तारीख आहे. काठ निळा आहे तो बघा. तुम्ही त्याखाली 'नंतर' लिहिलंय."

"आई, हे चित्र आहे. एक उदाहरण. लोकांना उमेद मिळते. उमेदीने मेंदूत खरोखर फरक पडतो, हे सिद्ध झालंय."

"उमेद द्यायची तर स्वतःच्या अक्षराची द्या."

तो अजून हसतच होता. त्या हसण्याकडे बघता बघता तिला वाटलं, याचं तोंड कढत पाण्यात बुडवून काढलं तरी हे जाणार नाही. ती काचेच्या आत शिरली आणि कापडांच्या टाचण्या काढायला लागली. टोप बसवणारी मुलगी पुढे आली, तिला अडवायला असेल, पण मग तिनेच वरच्या दोन टाचण्या काढून दिल्या आणि मान खाली घालून आत निघून गेली.

खुर्चीवर एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन बसली होती. ती उठून जवळ आली. "म्हणजे याने काहीच होत नाही का?"

"माझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही. त्यांना इथे यायला आवडत होतं, तेवढं खरं. बाकी हे अक्षर जुनं आहे."

लाँड्रीबाईला वाटलं, ती आपले आभार मानेल. उलट त्या बाईचा चेहरा लाल झाला. "तुमच्या नवऱ्याला नसेल गुण आला. म्हणून दुसऱ्यांच्या तोंडचं का काढून घेता? मी तीन महिने रजा काढून आईला आणते इथे. तुम्ही कोण हे सांगणाऱ्या?" आणि ती पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. म्हातारीने लाँड्रीबाईकडे बघून हात हलवला, जणू पाहुण्यांना निरोप द्यावा तसा.

बाई कापडं काखेत मारून बाहेर पडली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आठ दिवसांनी बसमधून तिने पाहिलं. काचेत कुणाचं तरी विणकाम लावलं होतं. डावीकडे गुंता, उजवीकडे मोजा.

मुलगा मात्र कापडं काढली त्याच संध्याकाळी आला. बूट न काढताच ओरडला, की तिने त्याची शोभा केली, बाबांचं जाणं बंद पाडलं, आता त्यांनी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं का.

"सही करताना वाचलं होतंस?"

"वाचलं."

"कापड जुनं आहे हे माहीत होतं?"

तो खाली बसून बूट सोडायला लागला. "संशय आला होता," तो म्हणाला. "आई, मी दर रविवारी येतो, बाबा मला तोच प्रश्न विचारतात आणि मी उत्तर देतो. दुसरं काहीच करता येत नाही. तिथे निदान काहीतरी चाललंय असं वाटायचं. तुला माझी किळस येत असेल."

"येते," ती म्हणाली. तिला खोटं बोलता आलं नाही. मग तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तो जेवला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा वडिलांना घेऊन नदीकाठी चालायला गेला. त्यानंतर दर रविवारी जात राहिला.

पण पेंटर उतरतच गेला. पुढच्या वर्षीच्या चित्रात जाड रेघाही बारीक झाल्या होत्या. डॉक्टरिणीने ते दाखवलं, आणि आता याला स्मृतिभ्रंशच म्हणावं लागेल असं सांगितलं. बाई नोकरीतून निवृत्त झाली आणि घरी बसली.

लोकांना वाटायचं, हिला कठीण जाणार नाही, हिचा जन्म घाणीत गेला. अंथरूण ओलं झालं, कपडे भरले, तर तिचे हात आपोआप चालायचे. त्यात तिला कधी काही वाटलं नाही. कठीण गेलं ते भलतंच. तो जेवताना घास गालात धरून ठेवायचा आणि अर्धा तास चघळत राहायचा. एका सकाळी त्याने तो चघळलेला गोळा काढून प्रेमाने तिच्या ओठांशी नेला. तिने त्याचा हात झटकला. घास भिंतीवर आपटला. तो घाबरून भिंतीशी सरकला आणि हात डोक्यावर धरून बसला. त्या क्षणी तिला त्याची खरीखुरी शिसारी आली होती, आणि त्यापाठोपाठ स्वतःची आली ती दिवसभर गेली नाही. इतरांना वास झाकता म्हणून नावं ठेवली, आणि हे आपल्यात होतं, असं ती मुलापाशी बोलली. मुलगा म्हणाला, "आई, तू दमलीयस." त्यानंतर तिने आठवड्यातून दोन दिवस त्याला रात्रीपुरतं घरी राहायला सांगितलं. तो राहिला.

तिसऱ्या वर्षी इस्पितळातून फोन आला. डॉक्टरिणीच्या अभ्यासासाठी शेवटचं चित्र काढायचं होतं. पेंटर आता अनोळखी खोलीत शिरला की ओरडायचा. ती नाही म्हणायच्या बेतानेच चौथ्या मजल्यावर गेली.

"याचा त्यांना काही उपयोग?" तिने विचारलं.

"नाही," डॉक्टरीण म्हणाली.

"मला?"

"तुम्हाला पण नाही. पुढच्या कुणाला तरी होईल. होईलच असं पण नाही. तीन वर्षं ज्यांनी पूर्ण केली, असे लोक फार थोडे आहेत. म्हणून विचारलं. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा फोन करणार नाही."

गेल्या चार वर्षांत दुसरे डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, संचालक, किती जणांनी तिच्याशी बोलताना आवाज मऊ केला होता. या डॉक्टरिणीने एकदाही केला नव्हता.

"त्यांना त्रास झाला तर मी मधेच बाहेर काढीन," ती म्हणाली.

"बटण तुमच्याच हातात देते."

अंगावरचं धातूचं सगळं काढून तीही आत गेली. पेंटर यंत्राच्या तोंडाशी आल्यावर अंग ताठ करून कण्हायला लागला. तिने त्याचे मोजे काढले आणि दोन्ही तळपाय हातात धरले. पाय गार होते. ती ते चोळत राहिली. यंत्राचा ठोका सुरू झाला, तसा तो दचकला, आणि मग हळूहळू त्याची बोटं तिच्या हातात सैल पडली.

"अगं," आतून त्याचा आवाज आला. वर्षभरात त्याने तिला अशी हाक मारली नव्हती.

"आहे मी. हलू नका."

काचेपलीकडून यंत्र चालवणाऱ्याने सहा बोटं वर केली. सहा मिनिटं राहिली होती. बटण तिच्या मांडीवर पडलं होतं. तिने पाय बदलून दुसरा चोळायला घेतला.